पाहुण्यांची ब्रुअरी, गावाची ब्रुअरी

डोंगराच्या कुशीत किंवा नदीच्या वळणावर वसलेलं छोटं गाव, तिथल्या बंद पडलेल्या गिरणीत थाटलेली क्राफ्ट ब्रुअरी, म्हणजे छोट्या प्रमाणावर स्वतःची बिअर बनवणारी भट्टी, आणि सुटीच्या दिवशी गाड्या काढून तिथे निघालेली शहरातली माणसं. एवढ्याशा गोष्टीवरून आज जेवढी भांडणं होतात तेवढी बिअरच्या चवीवरूनही होत नसतील. एक बाजू म्हणते, ओस पडत चाललेल्या गावांना या ब्रुअऱ्यांनी तगवलं. म्हणून गावच्या कारभाऱ्यांनी त्यांना जमीन द्यावी, करात सूट द्यावी, महामार्गावर पाट्या लावाव्यात. दुसरी बाजू म्हणते, हा पैसेवाल्यांचा शौक आहे. मागे डोंगराचं चित्र लावून दारू विकायची, गावातली घरभाडी चढवायची आणि संध्याकाळी वळणावळणाच्या रस्त्यावर प्यालेले चालक सोडून द्यायचे. दोन्ही बाजूंचा आवेश मोठा आहे, आणि दोघांचं लक्ष एकाच गोष्टीकडे आहे: पाहुणे किती आले. एकाला ते आले याचा आनंद, दुसऱ्याला ते आले याचाच राग. त्या गावात बारा महिने राहणारा माणूस त्या ब्रुअरीची पायरी चढतो का, हे मात्र कोणी विचारत नाही.

माझ्या मते वादाचा निकाल याच प्रश्नावर लागायला हवा. अशा ब्रुअरीला जावं, आवर्जून जावं, आणि गावांनीही त्यांना दारं उघडावीत. पण पाहुणे येत नसतानाही जी चालेल अशीच ब्रुअरी या दोन्हींच्या योग्यतेची. हंगाम संपलेला आहे, पाऊस पडतो आहे, मंगळवारची संध्याकाळ आहे. बाकांवर कोण बसलंय? गावातला सुतार, शाळेतली शिक्षिका, पाळी संपवून आलेला कामगार बसला असेल तर ती गावाची ब्रुअरी. कुलूप असेल तर तो नुसता देखावा, मग आतली बिअर कितीही उत्तम असो.

आधी ब्रुअरीच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे बघू, कारण त्यांचा युक्तिवाद ऐकायला गोड आहे आणि तपासायला कच्चा. ब्रुअरी आली की रोजगार येतो, असं ते म्हणतात. पण बिअर गाळणं हा भांडवल जास्त आणि माणसं कमी लागणारा धंदा आहे. पैसा जातो स्टीलच्या टाक्यांत, थंड करणाऱ्या यंत्रणेत, कॅन भरण्याच्या यंत्रात. लहान ब्रुअरीत प्रत्यक्ष गाळपाला मोजके हात पुरतात. नोकऱ्या असतात त्या टॅपरूममध्ये, म्हणजे ब्रुअरीतच बसून पिण्याच्या जागेत, आणि त्या हंगामाबरोबर वाढतात-घटतात. दुसरं म्हणजे ही लाट सदाची नाही. अमेरिकेत १८७३ मध्ये ४,१३१ ब्रुअऱ्या होत्या, म्हणजे बऱ्याच लहानसहान गावांना स्वतःची ब्रुअरी होती. रेल्वे आणि बर्फाची यंत्रं आली, मोठ्या कंपन्यांची बिअर दूरवर जाऊ लागली, १९२० ते १९३३ दारूबंदी झाली, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस देशभरात शंभरही ब्रुअऱ्या उरल्या नव्हत्या. आज पुन्हा नऊ हजारांच्या वर आहेत. हे खरं पुनरुज्जीवन आहे, त्याला फॅड म्हणणारे इतिहास विसरतात. पण २०२४ मध्ये तिथे उघडलेल्यांपेक्षा बंद पडलेल्या ब्रुअऱ्या जास्त होत्या, हे सांगायला ब्रुअरीचे समर्थक विसरतात. जुन्या ४,१३१ मध्ये आणि आजच्या हजारोंमध्ये फरक हाच की त्या जुन्या ब्रुअऱ्या बघायला लांबून कोणी येत नव्हतं. गावाची तहान भागवणं एवढंच त्यांचं काम.

पाहुण्यांच्या भरवशावर गाव उभं करण्याचा प्रयोग युरोपने एकदा करून पाहिलेला आहे, तोही बिअरच्या नव्हे तर पाण्याच्या नावाने. औषधी झऱ्यांची गावं एकोणिसाव्या शतकात भरभराटीला आली. राजे, लेखक, धनिक तिथे मुक्कामाला यायचे. आलेल्या पाहुण्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जायच्या. हॉटेलं उठली, बागा झाल्या, सगळं गाव पाहुण्यांच्या वेळापत्रकावर चालू लागलं. मग वैद्यक बदललं, फॅशन बदलली, युद्धं झाली. ऑस्ट्रियातल्या बाड गास्टाइनच्या मध्यभागी धबधब्याशेजारची भव्य हॉटेलं कित्येक वर्षं रिकामी, पडझड होत उभी होती. झरा तोच होता, डोंगरही तेच होते. देखावा टिकला म्हणून गाव टिकतं असं नाही, याचा याहून ढळढळीत पुरावा कोणता हवा?

आता विरोधकांचं सर्वांत बळकट म्हणणं, आणि ते मला जवळजवळ पूर्ण मान्य आहे. ‘स्थानिक बिअर’ हा दावा बहुतेक वेळा पोकळ असतो. पूर्वी पाणी खरोखर गावाचं असायचं आणि चव ठरवायचं. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या पिल्सन शहराचं पाणी अतिशय मऊ, म्हणून १८४२ मध्ये योझेफ ग्रोल या ब्रुअरने तिथे गाळलेली सोनेरी लागर (थंडाव्यात मुरवलेली बिअर) तशी उतरली. इंग्लंडच्या बर्टनमधलं पाणी जिप्सम या क्षाराने जड, म्हणून तिथली पेल एल ही फिकट रंगाची बिअर कोरडी आणि कडवटपणात ठसठशीत. आज कुठलाही ब्रुअर पाणी गाळून त्यातले क्षार काढून टाकतो आणि हवे ते मोजून परत घालतो. पाण्यात जिप्सम घालण्याच्या कृतीला तर बर्टनचंच नाव पडलेलं आहे. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं, अमेरिकेच्या याकिमा खोऱ्यातून, जर्मनीच्या बव्हेरियातल्या हालरटाउमधून किंवा चेक प्रजासत्ताकातल्या झाटेकमधून येतात. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, मोठ्या कारखान्यातून, यीस्ट प्रयोगशाळेतून. लेबलवर डोंगरातला झरा असतो, आणि आतलं पाणी कुठल्याही शहरात तयार करता येतं. मग स्थानिक म्हणून उरतं काय?

उरतं ते पाहुण्याला दिसत नाही. ब्रुअरीतून दोन गोष्टी अशा निघतात की ज्या शंभर टक्के स्थानिक असतात: धान्याचा चोथा आणि सांडपाणी. गाळपानंतरचा ओला चोथा काही दिवसांतच आंबतो, लांब नेणं परवडत नाही. तो जवळपासच्या गाई-डुकरांच्या दावणीत जातो, बहुधा फुकट किंवा नाममात्र दरात. २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पशुखाद्याचे कडक नियम आणायचं ठरवलं तेव्हा या देवघेवीवर गदा येईल म्हणून ब्रुअर आणि शेतकरी एकत्र ओरडले, आणि प्रशासनाला माघार घ्यावी लागली. कुठल्याही जाहिरातीपेक्षा हे नातं मला जास्त पटतं. सांडपाण्याचं उलट. त्यात साखर, यीस्ट, प्रथिनं असतात. शहराच्या मोठ्या प्रकल्पाला ते जाणवत नाही, पण काही हजार वस्तीच्या गावाच्या सांडपाणी केंद्रावर एकटी ब्रुअरी शेकडो घरांएवढा भार टाकू शकते. तेव्हा ब्रुअरी स्थानिक आहे का हे लेबलवर शोधू नये. चोथा कुणाच्या गोठ्यात जातो, सांडपाण्याची सोय कुणाच्या खर्चाने झाली, मालक कुठे राहतो, हे विचारावं. या बाबतीत विरोधक बरोबर ठिकाणी बोट ठेवतात आणि चुकीचा निष्कर्ष काढतात. हॉप्स परगावचे म्हणून ब्रुअरी परकी होत नाही. तसं असतं तर गहू बाहेरून आणणारी प्रत्येक बेकरीही परकी ठरली असती.

निसर्गदृश्याचं काय? ‘देखावा विकतात’ हा आरोप करताना एक गोष्ट सगळेच विसरतात: बिअर आणि रम्य जागा यांचं नातं जाहिरातवाल्यांनी जुळवलेलं नाही. बव्हेरियात १५३९ च्या नियमाने बिअर गाळायला साधारण सप्टेंबर अखेर ते एप्रिल अखेर एवढीच मुभा होती, कारण उन्हाळ्यात ती बिघडायची आणि भट्ट्यांमुळे आगी लागायच्या. उन्हाळ्यासाठी साठवायची तर थंड जागा हवी. म्हणून नदीकाठच्या उतारांत तळघरं खोदली, वर खडी पसरली आणि सावलीसाठी पसरट पानांची चेस्टनटची झाडं लावली. लोक बिअर न्यायला येऊ लागले आणि झाडाखालीच बसून प्यायला लागले. गावातल्या खानावळवाल्यांनी तक्रार केली, तेव्हा १८१२ मध्ये राजा माक्सिमिलियानने तोडगा काढला: तळघरवाल्यांनी तिथे बिअर विकावी, पण पावाखेरीज खायला काही देऊ नये. आज जगभर ज्याची नक्कल होते ती बिअर गार्डन अशी जन्मली. ती सावली तळघर थंड ठेवण्यासाठी होती, फोटोसाठी नव्हे. आणि पाहा, पाहुण्यांचा फायदा ब्रुअरला मिळेल पण शेजाऱ्याचा धंदा बुडणार नाही, अशी वाटणी तिथे दोनशे वर्षांपूर्वी झाली होती. आजच्या किती गावांनी टॅपरूमला परवाना देताना गावातल्या जुन्या खानावळीचा विचार केला?

याच्याही पुढचं उदाहरण बव्हेरियाच्या पूर्वेकडच्या ओबरफाल्त्स भागातलं. तिथल्या काही गावांत ब्रुअरी गावाची सामायिक असते. ज्या घरांना गाळपाचा हक्क आहे ती कुटुंबं तिथे लाकडाच्या जाळावर आपापली बिअर गाळतात, घरच्या तळघरात आंबवतात आणि पाळीपाळीने घराचा दरवाजा उघडतात. ज्याची पाळी, त्याच्या दारावर सहा टोकांची चांदणी टांगलेली. या बिअरला त्सोइगल म्हणतात. बाहेरच्या माणसाने जरूर यावं. पण पाळी कुणाची हे त्याने आधी पाहून यावं, आणि लांब टेबलावर गावकऱ्यांच्या शेजारी जिथे जागा मिळेल तिथे बसावं. पाहुण्यांसाठी वेगळी काचेची भिंत नाही, डोंगराकडे तोंड केलेल्या खुर्च्या नाहीत. पाहुणचाराचा हा सर्वांत प्रामाणिक प्रकार आहे, कारण त्यात यजमानाने आपला दिवस बदललेला नाही.

विरोधक इथे हसतील. म्हणतील, शतकानुशतकांची परंपरा असलेल्या गावांचं सांगू नका, कालपरवा सुरू झालेल्या ब्रुअरीपायी जे गाव चिरडलं गेलं त्याचं सांगा. सांगतो. अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यातलं वॉटरबरी, वस्ती पाचेक हजार. तिथे जॉन आणि जेन किमिक यांनी २००३ मध्ये ‘द अल्केमिस्ट’ हा पब सुरू केला. तळघरात गाळायचं, वर बसून गावाने प्यायचं. ऑगस्ट २०११ मध्ये आयरीन वादळाच्या पुरात पब उद्ध्वस्त झाला. योगायोग असा की त्यांचा कॅन भरण्याचा नवा कारखाना त्याच सुमारास, पुराच्या पातळीच्या वर, तयार झाला होता. त्यांची ‘हेडी टॉपर’ ही बिअर कॅनमध्ये आली, तिची ख्याती पसरली, आणि दूरदूरच्या राज्यांतून गाड्या येऊ लागल्या. रांगा, रस्त्यावर अडकलेली वाहनं, जास्त किमतीला विकण्यासाठी खोकेच्या खोके उचलणारे. शेजाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये किमिक दांपत्याने कारखान्यातली विक्री आपणहून बंद केली. खप वाढत असताना दुकान बंद करणं, हा निर्णय हिशेबाच्या वहीत बसत नाही. पुढे २०१६ मध्ये त्यांनी पाहुण्यांसाठी नवी ब्रुअरी उघडली ती जवळच्या स्टोवमध्ये, जिथे स्कीइंगमुळे गर्दीची आणि गाड्यांची सवय आधीपासून होती.

ही कथा दोन्ही बाजू आपापल्या सोयीने सांगतात. एक म्हणते, बघा ब्रुअरीने गावाला किती प्रसिद्धी दिली. दुसरी म्हणते, बघा किती त्रास दिला. मला त्यात वेगळंच दिसतं. वॉटरबरीचा पब गावाचा होता, तोवर तक्रार नव्हती. पब गेला आणि उरलं ते फक्त विक्रीचं खिडकीवजा दुकान, जिथे गावकऱ्याला बसायला जागा नव्हती आणि परगावच्या माणसाला थांबायला कारण नव्हतं. बिअर तीच, बनवणारे तेच, डोंगरही तेच. बदललं ते एवढंच की गावाची आणि पाहुण्याची तिथे गाठ पडेनाशी झाली. गर्दी गावाला नकोशी होते ती आकड्यामुळे कमी आणि या तुटण्यामुळे जास्त, असं मला वाटतं. अर्थात आकडाही अगदीच निर्दोष नाही.

मग पाहुण्यांना अडवायचं का? बेल्जियममधल्या वेस्टव्लेटरनच्या मठातल्या भिक्षूंनी यावर आपलं उत्तर शोधलं आहे. त्यांची बिअर जगातल्या सर्वोत्तम बिअरांत गणली जाते, पण ते मठाच्या गरजेपुरतीच गाळतात. घ्यायची तर आधी नोंदणी करायची, पूर्वी फोनवर गाडीचा नंबर देऊन, २०१९ पासून ऑनलाइन. ठरल्या वेळी दारात जायचं, ठरलेली खोकी घ्यायची, अशी रीत बरीच वर्षं होती. मठाच्या बांधकामाला पैसे हवे होते तेव्हा २०११ मध्ये बेल्जियमच्या सुपरमार्केटांत आणि २०१२ मध्ये अमेरिकेत त्यांनी खास खोकी विकली, आणि काम भागल्यावर पुन्हा दार लावून घेतलं. हा उच्चभ्रूपणा आहे अशी टीका होते. पण नोंदणीच्या रांगेत पैसेवाल्याला पुढे जाता येत नाही, आणि मठाची शांतता विकली जात नाही. मर्यादा घालणं म्हणजे हाकलणं, असं समीकरण कुणी मांडलं?

आणखी एक मुद्दा असा की ज्याच्यापुढे ब्रुअरीप्रेमी नेहमी अडखळतात: रस्ता. निसर्गरम्य छोट्या गावात बस क्वचित जाते, ट्रेन त्याहून क्वचित. म्हणजे दारूच्या ठिकाणी गाडीने जायचं आणि गाडीनेच परतायचं. ‘बिअर तशी सौम्यच’ हे उत्तर मुळीच चालणार नाही. ते इंग्लंडने १८३० मध्ये देऊन पाहिलं. जिनपेक्षा बिअर बरी म्हणून कायदा झाला, किरकोळ शुल्क भरून कुणालाही घरात बिअर विकता येऊ लागली, थोड्याच काळात हजारो बिअरघरं उघडली, आणि ज्यांनी कायद्याची भलामण केली होती त्यांनाच रस्तोरस्ती झिंगलेली माणसं दिसू लागली. शिवाय क्राफ्ट बिअर सौम्य असतेच असं कुठे आहे? हेडी टॉपरमध्ये आठ टक्के मद्यार्क आहे, वेस्टव्लेटरनच्या बारा क्रमांकाच्या बिअरमध्ये दहाच्या वर. या बाबतीत विरोधक शंभर टक्के खरे आहेत आणि त्यांनी आवाज आणखी चढवावा.

पण यावरचा उपाय ब्रुअरी बंद करणं हाच आहे का? उत्तर बव्हेरियातल्या आउफजेस या दीडेक हजार वस्तीच्या परिसरात चार ब्रुअऱ्या होत्या. लोकसंख्येच्या मानाने सर्वाधिक ब्रुअऱ्या म्हणून २००१ मध्ये गिनेस बुकात नोंद झाली. तिथे चारही ब्रुअऱ्या जोडणारी सुमारे चौदा किलोमीटरची पायवाट आखलेली आहे. शेतातून, झाडीतून चालत जायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. निसर्ग आणि बिअर एकत्र हवी असं ज्यांना खरोखर वाटतं त्यांच्यासाठी हे उत्तर आहे. काचेआडून डोंगर पाहायला गाडी हवीच असते, डोंगरातून चालायला नको. (तिथलीच एक ब्रुअरी मोटरसायकलवाल्यांची लाडकी आहे हेही खरं. माणसं पायवाट आखून सुधारत नाहीत.) पायवाट नसेल तर मुक्कामाची सोय हवी, शटल हवी, ब्रुअरीची वेळ शेवटच्या बसला बांधलेली हवी. हे सगळं पाहुण्याच्या शहाणपणावर सोडून दिलं तर ते होत नाही.

घरपोच कॅन मिळत असताना इतक्या लांब जायचंच कशाला, हा आक्षेप मी थोडक्यात निकाली काढतो, कारण त्यात अर्धंच तथ्य आहे. हॉप्सचा सुगंध काही आठवड्यांत उतरतो, प्राणवायू लागला की चव पुठ्ठ्यासारखी होते, हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीवर उजेड पडला की उग्र वास येतो. पिंपातच मुरत राहणारी ‘जिवंत’ एल बिअर तर एकदा उघडली की तीन-चार दिवसांत संपवावी लागते. अशा बिअरच्या जागी जाणं हाच ती पिण्याचा खरा मार्ग. उलट तगडी, गडद बिअर वर्षानुवर्षं मुरते. तिच्यासाठी फक्त चवीचं कारण सांगत प्रवास करणारा स्वतःलाच फसवतो.

राहिला करसवलतीचा प्रश्न. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातलं रिचमंड काही छोटं गाव नाही, पण धडा लहान गावांनाही लागू आहे. कॅलिफोर्नियाच्या स्टोन ब्रुइंग या क्राफ्ट ब्रुअरीला आणण्यासाठी २०१४ मध्ये त्या शहराने करार केला आणि कर्जरोखे काढून ब्रुअरी बांधून दिली. सोबत नदीकाठी मोठं रेस्तराँ होणार होतं. ब्रुअरी चालू झाली, रेस्तराँ झालंच नाही, आणि २०२२ मध्ये कंपनी जपानच्या साप्पोरो या बिअर कंपनीने विकत घेतली. याउलट विस्कॉन्सिन राज्यातलं दोनेक हजार वस्तीचं न्यू ग्लारस. डेब आणि डॅन केअरी यांनी १९९३ मध्ये तिथे सुरू केलेली ब्रुअरी आपली बिअर राज्याबाहेर विकत नाही, आणि तरी देशातल्या मोठ्या क्राफ्ट ब्रुअऱ्यांत तिची गणना होते. आता माझ्याच युक्तिवादाला अडचण: टेकडीवरची त्यांची नवी ब्रुअरी जुन्या युरोपीय गावासारखी मुद्दाम सजवलेली आहे, आणि गावही १९६० च्या दशकात दुधाचा कारखाना बंद पडल्यावर स्विस वेशात नटलेलं. म्हणजे देखावा मांडलेलाच की! तरीही ती ब्रुअरी मी देखाव्यांत मोजत नाही, कारण तिचं गिऱ्हाईक राज्यातलं आहे, बारमाही आहे, आणि पाहुणे उद्या थांबले तरी राज्यातल्या दुकानांत बिअर खपणार आहे. नटणं हा दोष नाही. नटण्यावरच पोट असणं हा आहे.

म्हणून जमीन किंवा सवलत मागायला आलेल्या ब्रुअरीला गावाने वर्षाला पाहुणे किती आणाल हे शेवटी विचारावं. आधी सांडपाण्याचा आराखडा मागावा, शेवटची बस आणि बंद होण्याची वेळ जुळते का ते पाहावं, हंगामाबाहेर आठवड्यातले किती दिवस उघडं राहणार ते लेखी घ्यावं, आणि कंपनी विकली गेली तर सवलत परत करण्याची अट घालावी. हे मान्य नसणाऱ्याला परवाना जरूर द्यावा. जमीन त्याने बाजारभावाने घ्यावी.